उभ्या गाडीची बॅटरी: रोज दहा मिनिटं चालू ठेवून काय साधतं?

प्रश्न डिचोलीच्या एका काकांचा आहे. मुलगा बोटीवर, वर्षातले बरेच महिने घरी नसतो. त्याची ३५० सीसीची, २०२१ची, फ्युएल इंजेक्शनवाली गाडी पडवीत उभी असते. काका रोज सकाळी पूजा आटोपली की ती दहा मिनिटं न्यूट्रलमध्ये चालू ठेवतात, रेस अजिबात करत नाहीत. तरी जूनपासून दोनदा बॅटरी उतरली. एका मेकॅनिकने सांगितलं, दहा नको, वीस मिनिटं ठेवा. दुसरा म्हणाला, बॅटरीच गेली, नवी घाला. जाता जाता काकांनी हेही कळवलंय की चोरीच्या भीतीने मुलाने गाडीत जीपीएस बसवलाय, त्याला बोटीवरून मोबाईलवर गाडी दिसते.

काका, सध्या दोघांचंही ऐकू नका. तुमच्या गाडीला रोज चालू करणंच बाधतंय, आणि जीपीएस त्यात भर घालतोय. बॅटरी खरंच गेली आहे का, हे नंतर पाहू. म्हापशात आमच्याकडे चवथीच्या आधी अशा गाड्यांची रांग लागते आणि बहुतेकांची गोष्ट तुमच्यासारखीच असते: मालक काळजी घेणारा, गाडी रोज चालू केलेली, आणि सेल्फ दाबला की नुसती कट-कट.

आधी गाडीत वीज कुठून येते ते पाहू, कारण खरी गल्लत तिथेच होते. आपल्या मोटारसायकलींत इंजिनच्या क्रँकलाच मॅग्नेटो बसवलेला असतो. फिरत्या चाकात कायमचे लोहचुंबक, आत तांब्याच्या तारेची कॉइल. इंजिन मिनिटाला १२०० फेरे घेत असेल तर मॅग्नेटोही १२००च घेणार. तयार झालेली वीज आरआर युनिटमधून (रेग्युलेटर-रेक्टिफायर) जाते. ते तिला बॅटरीच्या कामाची, म्हणजे डीसी करतं आणि व्होल्टेज साधारण साडेचौदाच्या वर जाऊ देत नाही. मॅग्नेटोची कागदावरची ताकद ही ४-५ हजार फेऱ्यांवरची असते. जागेवर स्लो चालणाऱ्या इंजिनवर त्यातला एखादा हिस्साच हाती येतो.

चारचाकीत असं नसतं. तिथे अल्टरनेटर पट्ट्यावर फिरतो आणि त्याची पुली लहान असते, त्यामुळे तो इंजिनच्या दुप्पट-तिप्पट वेगाने फिरतो. शिवाय त्यात कायमचे लोहचुंबक नसतात. गरज पडेल तसं चुंबकत्व वाढवण्याची सोय असते. म्हणून कार जागेवर चालू ठेवली तर बॅटरीत थोडंफार तरी जातं. कारसाठी बरा असलेला सल्ला लोकांनी जसाच्या तसा दुचाकीला लावला.

आता खर्चाची बाजू बघा. १ एप्रिल २०१७पासून नव्या दुचाकींना हेडलाइट कायम चालू असणं सक्तीचं झालं. इंजिन सुरू, की दिवा सुरू. बंद करायला स्विचच नाही. त्यानंतर १ एप्रिल २०२०ला बीएस-६ हे प्रदूषणाचं मानक आलं आणि कार्ब्युरेटर जवळजवळ संपलेच. आता टाकीत पेट्रोलचा पंप, पुढे इंजेक्टर, इग्निशन कॉइल आणि या सगळ्यांवर लक्ष ठेवणारा छोटा संगणक, म्हणजे ईसीयू, सगळ्यांना वीज लागते. ५५ वॅटचा हॅलोजन एकटा चार-साडेचार अँपिअर खातो. पंप, कॉइल, मागचा दिवा धरून एकूण सातेक अँपिअरपर्यंत जातं. नेमका आकडा गाडीगणिक बदलतो, एलईडी हेडलाइट असेल तर बराच कमी होतो. पण स्लोवर असताना मॅग्नेटोची आवक आणि गाडीची जावक जवळपास बरोबरीत येते, हे बहुतेक गाड्यांत दिसतं. बॅटरीच्या वाट्याला उरतं ते कधी अर्धा-एक अँपिअर, कधी शून्य. रेडिएटर असलेल्या गाडीत तर जागेवर इंजिन तापतं, पंखा सुरू होतो आणि हिशेब सरळ तोट्यात जातो.

तुमच्या गाडीची बॅटरी ८ अँपिअर-अवरची धरू (एक अँपिअर तासभर घेतला की एक अँपिअर-अवर खर्ची पडला) आणि रोजचा जमाखर्च मांडू. सेल्फला साधारण १०० अँपिअर लागतात, दोन सेकंद दाबला तर ०.०५५ अँपिअर-अवर गेले. चावी बंद असतानाही मीटरमधलं घड्याळ, ईसीयूची मेमरी आणि बॅटरीची स्वतःची झीज मिळून दिवसाला ०.०६च्या आसपास जातात. स्लोवर काहीच शिल्लक राहत नसेल, तर रोज चालू केलेली गाडी दिवसाला ०.११५ गमावते आणि नुसती उभी असलेली ०.०६. म्हणजे तुम्ही हात न लावलेली गाडी अर्ध्यावर यायला दोन महिने घेईल, आणि रोज काळजीने चालू केलेली पाच आठवड्यांत तिथे पोचेल. वीस मिनिटं ठेवा म्हणणाऱ्याला एवढंच विचारा की वीस मिनिटं शून्य जमा झालं तर किती झालं.

समजा, तुमच्या गाडीत स्लोवर पूर्ण एक अँपिअर उरतो. दहा मिनिटांत ०.१६ जमा, त्यातून सेल्फचे आणि दिवसभराचे वजा जाता हातात ०.०५. तेही बॅटरी सगळं मुकाट घेईल असं धरून. लेड-ॲसिड बॅटरी तसं घेत नाही. अर्धी रिकामी असताना ती भराभर घेते, ऐंशी टक्क्यांच्या पुढे तिचं घेणं मंदावतं आणि शेवटचे वीस टक्के भरायला काही तास लागतात. दहा-दहा मिनिटांच्या हप्त्यांनी ती कधीच काठोकाठ भरत नाही. आणि अर्धवट भरलेल्या बॅटरीत प्लेटांवर लेड सल्फेटचे खडे घट्ट होत जातात. सुरुवातीला ते विरघळतात, महिन्या-दोन महिन्यांनी नाही. चांगल्या बॅटरीचा अकाली शेवट होतो तो असा.

यात आता जीपीएस धरा. असं यंत्र २० मिलिअँपिअर खात असेल (काही याहून कमी खातात, स्वस्तातली काही जास्त) तर चोवीस तासांत ०.४८ अँपिअर-अवर. एकट्याच्या जोरावर ते ८ अँपिअर-अवरची बॅटरी आठवड्याभरात अर्ध्यावर आणतं आणि पंधरवड्यात झोपवतं. तुमची दहा मिनिटं याच्यापुढे कुठेच पुरत नाहीत. दोनदा बॅटरी उतरली याचं मला तरी नवल वाटत नाही. उलट दोनदाच कशी, असं वाटलं.

हे आकडे माझ्या सांगण्यावरून मानू नका. साध्या डिजिटल मल्टिमीटरने घरच्या घरी बघता येतं. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, लाल पिन प्लसला, काळी मायनसला. रात्रभर उभ्या गाडीवर सकाळी पहिलं रीडिंग घ्या, चावी न लावता. १२.६ ते १२.८ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.०ला जवळजवळ रिकामी. मग गाडी चालू करा आणि मिनिटभर थांबून स्लोवर बघा. आकडा १२.९-१३च्या आसपास घुटमळत असेल तर बॅटरीला नावापुरतंच मिळतंय. सकाळच्या आकड्याच्याही खाली असेल, तर इंजिन चालू असून बॅटरी रिकामी होते आहे. आता हळूहळू रेस द्या. ३-४ हजारांवर आकडा १३.८ ते १४.५मध्ये जाऊन थांबला पाहिजे. तिथे गेलाच नाही तर कॉइल, आरआर युनिट किंवा त्यांची वायरिंग बघावी लागेल. १५च्या वर गेला तर आरआर युनिट बिघडलंय, ती गाडी तशी चालवू नका, बॅटरी उकळेल आणि दिवे जातील.

काहीजण हे वाचून म्हणतील, मग जागेवरच रेस देऊन ठेवतो. चार्जिंग होईल, पण एअर-कूल्ड इंजिनला वाऱ्याशिवाय थंडावा नाही. उभ्या गाडीवर ४ हजारांवर अर्धा तास, म्हणजे सायलेन्सर निळा पडायची आणि इंजिन जादा तापायची सोय. शेजारीही काही दिवसांनी बोलणं बंद करतील.

जुन्या लोकांचा समज अगदीच निराधार नव्हता, हेही सांगायला हवं. पूर्वीच्या शंभर सीसीच्या गाड्यांत हेडलाइट थेट मॅग्नेटोवर असायचा. स्लोवर मंद, रेस दिली की लख्ख, आठवत असेल. बॅटरीवर फक्त हॉर्न, इंडिकेटर आणि ब्रेकलाइट. किक मारून चालू केली, दिवा बंद ठेवला, तर सेल्फचा खर्च नाही आणि स्लोवरही थोडं बॅटरीत जायचं. ती गाडी आजही घरात असेल तर तिला हे उत्तर जसंच्या तसं लागू नाही.

बॅटरीपेक्षा इंजिनचं नुकसान मला जास्त खटकतं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. रस्त्यावर सायलेन्सर तापलेला असतो, वाफ निघून जाते. दहा मिनिटं स्लोवर सायलेन्सरचं मागचं टोक धड तापतही नाही, वाफ आत पाणी होऊन बसते आणि गंज आतून पोखरतो. आपल्याकडे पावसाळ्यात हवाच ओली, मग विचारायला नको. ऑइलचंही तेच. ते तापून त्यातला ओलावा उडायला गाडी नीट चालावी लागते. ऑइलच्या काचेत किंवा झाकणाच्या आत फिकट दुधाळ फेस दिसला तर ती बहुतेक वेळा अशीच रोज थोडी-थोडी चालू केलेली गाडी असते. आणि पडवी तीन बाजूंनी बंद असेल, किंवा पावसामुळे दार ओढून घेत असाल, तर हे आजच थांबवा. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

मग करायचं काय? मुलगा तीन महिन्यांच्या आत परतणार असेल तर बॅटरीची मायनस वायर काढून ठेवा. एवढंच. जीपीएस बंद, घड्याळ बंद, राहते ती फक्त बॅटरीची स्वतःची झीज, महिन्याला पाचेक टक्के. गरम जागी ती वाढते, म्हणून बॅटरी काढून ठेवणार असाल तर पत्र्याच्या शेडमध्ये नको, घरात सावलीत ठेवा. काढताना आधी मायनस, मग प्लस. लावताना आधी प्लस, शेवटी मायनस. कारण असं की गाडीची चेसिस म्हणजेच मायनस. प्लस आधी सोडायला गेलात आणि पाना चेसिसला टेकला, तर ठिणगी उडते आणि पाना तिथेच चिकटतो. मायनस सुटलेली असेल तर पाना कुठेही लागो. इंजिन चालू असताना मात्र टर्मिनल कधीही सोडू नका. बॅटरीचा आधार सुटला की व्होल्टेज उसळतं आणि ईसीयूचा बळी जाऊ शकतो. तो बॅटरीच्या कितीतरी पट महाग आहे.

वायर काढण्याआधी मुलाला मेसेज टाका. बऱ्याच जीपीएसमध्ये स्वतःची छोटी बॅटरी असते, वीज तुटली की ते मोबाईलवर इशारा पाठवतात. पोरगा भर समुद्रात गाडी चोरीला गेली म्हणून घाबरायचा.

जीपीएस चालूच ठेवायचा असेल, किंवा मुक्काम लांबणार असेल, तर चार्जर घ्या. चार्जर दुचाकीचाच हवा. ठोकताळा असा की बॅटरीच्या अँपिअर-अवरचा दहावा भाग: ८च्या बॅटरीला ०.८ अँपिअर, स्कूटरच्या ४च्या बॅटरीला ०.४. कारचा पाच अँपिअरचा चार्जर लावून रात्रभर सोडला तर सकाळी फुगलेली बॅटरी मिळते. भरल्यावर आपोआप तेरा-साडेतेरा व्होल्टवर येणारा ऑटोमॅटिक चार्जर मिळतो, थोडे पैसे जास्त जातात, पण तो लावून विसरता येतं. आपल्याकडे पावसात वीज दिवसातून चारदा येते-जाते. त्यामुळे वीज परतल्यावर स्वतःहून पुन्हा सुरू होणारा आहे ना, हे घेताना विचारा. काही स्वस्त चार्जर वीज परत आली तरी बटण दाबेपर्यंत गप्प बसतात. लिथियम बॅटरी बसवली असेल तर तिचा चार्जर वेगळा, लेड-ॲसिडचा लावू नका.

तिसरा मार्ग सगळ्यात आनंदाचा: कोणीतरी गाडी चालवा. लायसन्स असलेला पुतण्या, भाचा, कोणी असेलच. दहा-पंधरा दिवसांतून एकदा डिचोलीहून साखळी, वाळपईपर्यंत जाऊन यायचं, तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये, पाऊणएक तास. इंजिन ३ हजारांवर फिरत राहिलं की चार्जिंग खरं होतं, ऑइल तापतं, सायलेन्सर कोरडा होतो, टायर एकाच जागी दबून राहत नाहीत. बाजारापर्यंत दोन किलोमीटर जाऊन येणं यात धरू नका, ते स्लोवर ठेवण्याचंच भावंड आहे. जीपीएस तसाच असेल तर मात्र पंधरा दिवसांत एक फेरी पुरणार नाही, हे वरच्या हिशेबावरून लक्षात आलंच असेल.

किनारपट्टीवर भाड्याच्या स्कूटरवाल्यांचा हाच प्रश्न असतो, म्हणून दोन शब्द. सीझन संपला की काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेल्या स्कूटर ताडपत्रीखाली रांगेने उभ्या राहतात आणि कामाचा मुलगा सकाळी एकेक पाच मिनिटं चालू करत जातो. त्यांच्या बॅटऱ्या ३ ते ५ अँपिअर-अवरच्या, त्यात जीपीएस. पाच मिनिटांत काही होत नाही, फक्त मुलाचा तास जातो. मायनस काढा, महिन्यातून एकदा आळीपाळीने चार-चार बॅटऱ्या चार्जिंगला लावा. पर्यटक यायच्या आधी नव्या बॅटऱ्यांचं बिल बघून कपाळाला हात लावण्यापेक्षा हे परवडतं. समुद्राजवळ आणखी एक भानगड: खारट हवेने टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढते आणि चेसिसच्या अर्थिंगचा बोल्ट गंजतो. बॅटरी भरलेली असते, पण वीज सेल्फपर्यंत पोचत नाही, आणि लोक बॅटरी बदलून मोकळे होतात. गरम पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने टर्मिनल घासा, कोरडं करून घट्ट आवळा, वरून पेट्रोलियम जेली लावा.

फेरीबोटीच्या रांगेतही हा प्रश्न निघतो: गाडी बंद करावी की चालूच ठेवावी? बंद करा. धडधाकट गाडीच्या एका स्टार्टचा खर्च रस्त्यावर चार-पाच मिनिटांत भरून निघतो. मात्र चावीने बंद करा. लाल किल-स्विचने इंजिन बंद केलं आणि चावी ऑनच राहिली, तर बऱ्याच गाड्यांत हेडलाइट तसाच जळत राहतो. साडेचार अँपिअरने पाऊण तास, आणि फेरी लागली की गाडी ढकलत चढवायची वेळ येते. इंजेक्शनवाली गाडी धक्का मारूनही सहसा चालू होत नाही, कारण पेट्रोलच्या पंपालाच वीज नसते.

राहिला नव्या बॅटरीचा प्रश्न. आहे ती आधी काढून दुचाकीच्या चार्जरवर दहा-बारा तास लावा. चार्जरवरून उतरवून रात्रभर नुसती ठेवा आणि सकाळी मोजा. १२.६च्या वर टिकली तर गाडीत बसवा आणि कोणालातरी सेल्फ मारायला सांगून तुम्ही मीटरकडे बघा. सेल्फ फिरत असताना आकडा १०च्या वर राहिला तर बॅटरी ठणठणीत आहे, नवी घ्यायचं कारण नाही. साडेनऊच्या खाली कोसळला, किंवा रात्रभरात ती स्वतःहूनच १२.३वर आली, तर आतल्या प्लेटा गेल्या. मग दुसरा मेकॅनिक बरोबर होता, बदलून घ्या. जुनी दुकानदाराला परत द्या, शिशाचे पैसे कापून मिळतात. आणि नवी बसवल्यावर जीपीएसच्या वायरीत एक छोटा स्विच घालून घ्या, म्हणजे मुलगा घरी असताना तो बंद ठेवता येईल.